याडीचं पिवळं पाऊल

सई आणि नील,

परवा फोनवर नीलनं विचारलं, "आजी, योहानाच्या बोटीवर तो पिवळा पाय कुणाचा आहे?" सुट्टीत तुम्ही गेंटला जाऊन आलात, योहानाच्या डेकवर तो ठसा पाहिलात, बाबांना विचारलंत आणि बाबा म्हणाले, "आजीला विचारा." तुमचे बाबा एरवी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देतात, येत नसलं तरी देतात. हे एकच त्यांनी माझ्याकडे का ढकललं, ते मला माहीत आहे. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं आणि गोष्टी पुढच्या खेपेवर टाकायचं माझं वय आता राहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. सईला मराठी वाचता येतं. तिनं नीलला वाचून दाखवावं, आणि मध्ये काही गाळू नये.

तो पाय तुमच्या दुसऱ्या आजीचा आहे. याडीचा.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तुमचे बाबा तशी हाक मारत, म्हणून सईही तिला याडीच म्हणायची आणि मग आम्ही सगळेच म्हणू लागलो. नाव झमकूबाई. केळापूरच्या पुढे आत गेलं की तिचा तांडा लागतो. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. त्या बैलांच्या तांड्याला ते लदेणी म्हणतात. याडीच्या जन्माच्या कितीतरी आधी ते सगळं थांबलं होतं. तिनं आयुष्यभर कापूस आणि तूरच केली. पण घराला ती कधी घर म्हणाली नाही. "हा आपला मुक्काम," म्हणायची. स्लॅबचं पक्कं घर बांधून झालं तेव्हाही म्हणाली, "मुक्काम चांगला झाला, बाप्पा."

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या वर्गाच्या दारात. मी तेव्हा पांढरकवड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे बाबा, किसन, माझ्या वर्गात होते. पालक म्हणून ती आली होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, डोक्यावर पदर, आणि काखेत स्वतःच्या चपला. मी म्हटलं, "चपला काखेत कशाला? बाहेर ठेवा ना."

"भायेर ठेवल्या त कुत्रं नेते, बाई. अन् घालून आली त तुमची भुई खराब होते." मग तिनं मलाच विचारलं, "तुमी सांगा, कुठी ठेवू?"

वर्ग हसला. किसन खाली मान घालून वहीत रेघा ओढत बसला होता. मला ते दिसलं होतं.

ही तिची सवय कधीच गेली नाही. बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत, एसटीत चढताना, उंबरा असो वा नसो, जागा दुसऱ्याची आहे म्हटलं की चपला काखेत. पुढे किसन शिकला, इंजिनिअर झाला आणि आमच्या माधवीनं, म्हणजे तुमच्या आईनं, त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. बोलणी करायला ती यवतमाळला आमच्या घरी आली तेव्हाही तशीच आली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सगळे कचेऱ्यांतले लोक. बैठकीत माझ्या मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या, त्यांनी ओठांवर पदर धरला. माझे कान गरम झाले. सोफ्यावर बसायचा आग्रह केला तर झमकूबाई म्हणाली, "तुमी बसा वर. मी खाली बसली त मले तुमचे सगळ्यायचे तोंडं नीट दिसते." बोलणी तिनं पंधरा मिनिटांत संपवली. जाऊबाई दिवसभर पुरतील एवढे मुद्दे काढून आल्या होत्या.

नीलच्या वेळी माधवी आणि किसन गेंटला होते. बेल्जियममधलं हे जुनं शहर तुम्ही पाहिलं आहे. कालव्यांच्या काठाने धान्याच्या दगडी वखारी आणि वर तीन उंच मनोरे. किसनची नोकरी नुकतीच तिथं बदलली होती, ठरवलेल्या घराचं काम रखडलं होतं, आणि दुसरं घर मिळेना. म्हणून त्यांनी काही महिन्यांसाठी एक जुनी बार्ज भाड्यानं घेतली. बार्ज म्हणजे मालवाहू बोट, लांबच लांब आणि पोटानं सपाट. पूर्वी जिथं धान्य भरायचे तिथं आता स्वयंपाकघर आणि दोन खोल्या केल्या होत्या. बाळंतपणाला आम्ही दोघी विहिणी एकत्र निघालो.

नागपूरच्या विमानतळावर तपासणीला सगळ्यांना बूट काढायला सांगत होते. लोक वाकून नाड्या सोडत होते, कुरकुरत होते. याडी आधीच काखेत चपला घेऊन उभी. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "पाह्यलं बाई? इथल्यायले बी रीत समजते." मी मात्र दारातून गेले की यंत्र वाजायचं, पुन्हा मागे, पुन्हा वाजायचं. शेवटी अंबाड्यातले आकडे सगळ्यांसमोर एकेक करून काढावे लागले. केस मोकळे सोडून मी चारचौघांत कधी उभी राहिले नव्हते. याडीनं माझ्या मागे उभं राहून तिथल्या तिथं माझा अंबाडा बांधून दिला. मागची रांग तशीच ताटकळली.

बोटीवर पाऊल ठेवल्याबरोबर तिनं चारी बाजूंनी पाहिलं आणि किसनला विचारलं, "बैल कुठी हाय?"

किसननं हसून इंजिनाची खोली दाखवली.

"म्हणजे लदेणीच हाय हे! माल खाली, मानूस वर. अन् तू त म्हणे, याडी, जागा नवीन वाटन तुले." तिला इतकं हसू आलं की पायऱ्यांवरच बसली. मला मात्र त्या बोटीवर सगळंच अवघड होतं. खोलीत वाकून जायचं, न्हाणीघर कपाटाएवढं, पाणी टाकीतलं मोजकं. पहाटे उठून बादलीभर अंघोळ करायची माझी सवय. पहिल्याच आठवड्यात मी टाकी रिकामी केली आणि पोटुशी लेक तोंडाला साबण लावून उभी राहिली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. याडी म्हणाली, "बाई, लाज ठेवाले बी जागा लागते. इथं तांदुळाचा डबा ठेवाले जागा नाही. काठावर उतरवून या."

आता योहाना. कालव्यात जागा मिळत नव्हती, म्हणून आपली बोट काठाला न बांधता योहानाच्या बोटीला बाहेरून बांधलेली होती. काठावर जायचं तर तिच्या डेकवरूनच जावं लागे. योहाना म्हणजे उंच, पांढऱ्या केसांची, एकटी राहणारी बाई. सारा जन्म तिनं नवऱ्याबरोबर अशाच बोटीवर माल वाहण्यात घालवलेला. तिनं आपल्याला लागून राहू दिलं होतं, पण तिच्या अटी होत्या: डेकच्या पुढच्या बाजूनं जायचं, पाय वाजवायचा नाही, तिच्या डेकवर काहीही ठेवायचं नाही. थंडी सुरू व्हायच्या आधी तिनं स्वतः गुडघ्यांवर बसून डेकला फिकट पांढरा रंग दिला होता. तिनं नको म्हटलं तर बोट सोडून शहराबाहेर कुठंतरी बांधावी लागली असती. दवाखाना लांब, आणि घरात आज-उद्या बाळ येणार.

किसननं आम्हा दोघींना या अटी दोनदा समजावून सांगितल्या. याडीला त्या पटल्या. "बरोबर बोलते ते बाई. दुसऱ्याच्या आंगनातून जानं हाय." त्या दिवसापासून योहानाच्या डेकवर पाय ठेवण्याआधी तिच्या चपला काखेत. फेब्रुवारीची थंडी, लोखंडी डेक, आणि ही अनवाणी. किसन ओरडायचा, "याडी, पाय गोठतील!" ती म्हणायची, "चार पावलं त हाय."

नीलचा जन्म झाला. सगळं नीट पार पडलं. आणि मग याडीनं जळव्याचा विषय काढला.

बाळंतपणानंतर बाळंतिणीनं पहिल्यांदा घराबाहेर पाऊल टाकून पाण्याची पूजा करायची, याला त्यांच्यात जळवा म्हणतात. पाण्याला हळदकुंकू वाहायचं, गव्हाची घुगरी वाटायची. तांड्यात हे विहिरीवर होतं. किसन म्हणाला, "इथं नको. लोक बघतील." याडी म्हणाली, "पाह्यतीन त घुगरी देऊ." माधवीला ते करावंसं वाटत होतं. मी म्हटलं, थोडक्यात करा. म्हणजे या गोष्टीत माझाही हात होता. पण पाणी तर बोटीला लागूनच, तेव्हा मी सुचवलं की खिडकीतूनच वाहा. याडीला ते अजिबात पटलं नाही. "घरातल्या घरात कायची पूजा? बाळंतीन भायेर पडली पाह्यजे. काठावर जाऊ."

काठावर जायचं म्हणजे योहानाच्या डेकवरून.

किसन कामावर गेला होता. पुढे याडी, एका हातात हळदीच्या पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात घुगरीचं ताट, काखेत चपला. मागे माधवी, तिच्या मागे नीलला घेऊन मी आणि माझा पदर धरून सई. रात्रीचं दव डेकवर गोठलेलं होतं. माधवीचा पाय सरकला. तिला सावरायला याडी गर्रकन वळली. माधवी सावरली, पण तांब्या आडवा झाला. त्या फिकट पांढऱ्या रंगावर हळदीचं पाणी पार योहानाच्या केबिनपर्यंत पसरलं, आणि त्यातूनच याडी माधवीला धरून अनवाणी चालत काठापर्यंत गेली.

मी खाली धावले, नीलला खाटेवर ठेवलं आणि भांड्यांचा साबण आणि घासणी घेऊन आले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मी माझ्या स्वयंपाकघरात जन्मभर पाहिलेलं. पण त्या वेळी सुचेल तर शपथ. मी गुडघ्यांवर बसून जोर लावून घासू लागले आणि डोळ्यांदेखत सगळा डेक लालभडक झाला. कुणाचा तरी खून पडल्यासारखा.

याडीनं काठावरून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "घ्या! बाईनं कुंकू बी वाह्यलं!"

तेवढ्यात केबिनचं दार उघडून योहाना बाहेर आली. तिनं डेक पाहिला, मला पाहिलं. मी उभी राहून इंग्रजीत माफी मागू लागले. तिला इंग्रजी जेमतेम समजत होतं आणि माझंही त्या गडबडीत धड जुळत नव्हतं. याडी पुढे झाली आणि हसतच घुगरीचं ताट तिच्यासमोर धरलं. योहानानं ताटाकडे पाहिलंही नाही. तिची भाषा थोडीफार शिकलेल्या माधवीशी दोन वाक्यं बोलली आणि दार लावून घेतलं.

"काय म्हणते?" याडीनं विचारलं.

माधवी म्हणाली, "दुसरी जागा बघा म्हणते."

संध्याकाळी किसन घरी आला ते तो डेक पाहूनच. एवढा शांत माणूस, पण आईला म्हणाला, "तुला हजारदा सांगितलं होतं! तांडा आहे का हा?"

मी म्हटलं, "किसन, साबण मी लावला. लाल माझ्यामुळे झालं."

"आई, तुम्ही यात पडू नका."

माझ्यावर तो रागावलाच नाही. सासूची चूक ही नुसती चूक असते, आईच्या चुकीची माणसाला लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. तो बोलत राहिला: जिथं जाईल तिथं ही असंच करते, शाळेत केलं, लग्नात केलं, लोक हसतात तेही हिला कळत नाही. याडीनं मध्ये एकदाच तोंड उघडलं, "छोरा..." आणि थांबली. मग तिनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी नाकापर्यंत खाली ओढला. एवढ्या वर्षांत तिला असा पदर घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती वर डेकवर येईनाशी झाली. नीलला न्हाऊमाखू घालायची, माधवीला शेकायची, सईची वेणी घालायची आणि उरलेला वेळ खालच्या खोलीत खिडकीशी बसायची. त्या खिडकीतून फक्त योहानाच्या बोटीची लोखंडी बाजू दिसे. चला, काठावर फिरून येऊ म्हटलं तर, "तुमी जा बाई. मी इथूनच पाह्यते." माधवी जागेसाठी ओळखीपाळखीच्यांना फोन लावत होती आणि किसन ऑफिसातून लावत होता. शहराबाहेरची एक जागा कळली, ती लांब आणि ओसाड होती.

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. लसूण सोलता सोलता तिनं मला विचारलं, "बाई, तुमी माह्या छोऱ्याले इंग्रजी शिकवलं. लई उपकार झाले. मंग ही लाज त्याले कोनं शिकवली?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. जिला सगळं माहीत असतं अशा बाईला विचारावं तसं.

मी लसूण सोलत राहिले. माझ्या वर्गात तांड्यांवरची आणि कोलामांच्या पोडांवरची, म्हणजे पाड्यांवरची, मुलं यायची. ती "मले" म्हणाली की मी हसून थांबवायची, "पुन्हा म्हण, नीट." मुलं भाकरी-मिरची फडक्यात आणायची, मी म्हणायची डबा आणावा. कुणाची आई दारात मोठ्यानं बोलली की मी ओठांवर बोट ठेवायची. सगळं मी त्यांच्या भल्यासाठीच करत होते आणि त्यात त्यांचं भलं झालंही. तुमचे बाबा त्यातलेच. पण किसन वहीत रेघा ओढत बसला होता त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा मीही हसले होते. याडीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी तिला दिलं नाही. आणि मला वाटतं, तिला ते माझ्या गप्प बसण्यातून मिळालं, कारण तिनं माझ्यापुढचा लसूण हळूच स्वतःकडे ओढून घेतला. "राहू द्या बाई. तुमचे डोळे झोंबून राह्यले."

मग पाऊस झाला आणि साबण धुऊन गेला, तसा लाल रंग परत पिवळा झाला. त्यानंतर ऊन पडलं आणि काही दिवस टिकलं. उन्हात हळद उडते, तशी ती उडत गेली. एका सकाळी डेकवर टकटक झाली. योहाना होती. माधवी वर गेली, मागोमाग मी. योहाना केबिनच्या भिंतीला टेकवलेल्या बाकाखाली बोट दाखवत होती. माधवीला धरून चालताना याडीचा पाय तिथं आत पडला असावा. तिथं ऊन पोचत नव्हतं आणि माझी घासणीही पोचली नव्हती. त्या सावलीत एक पाऊल, पाची बोटांसकट, हळदीसारखं पिवळंधमक.

मी पुन्हा माफी मागायला तोंड उघडलं. पण ती माधवीशी बोलत होती. माधवीनं मग मला सांगितलं, "आई, ती विचारतेय, माझ्या डेकवरून चपला काढून जाणारी ती बाई कुठं आहे? इतक्या दिवसांत दिसली नाही."

तिनं ते रोज पाहिलं होतं. एवढी वर्षं तिच्या डेकवरून माणसं जातात, म्हणाली. बूट घालून, सायकली घेऊन. थंडीत अनवाणी जाणारी ही एकच. जागा बदलायची गरज नाही. "पण तिला सांग, पाय आजारी पडतील. आणि ते पिवळं पाणी पुन्हा नको."

मी खाली जाऊन याडीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पोराले हालवा लागनार नाही. बरं झालं." संध्याकाळी किसन तिच्यासमोर उभा राहिला. ती म्हणाली, "छोरा, चहा मांड." त्यानं चहा मांडला. त्या दोघांत तेवढंच झालं.

इथं ही गोष्ट गोड करून संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. किसननं तिला आतून लोकर लावलेले बूट आणून दिले आणि ते ती घालू लागली. डेकवर येऊ लागली, योहानाला हात करू लागली. पण त्यानंतर कुठलीही गोष्ट करण्याआधी ती त्याच्याकडे बघून विचारायची, "छोरा, हे चालन ना इथं?" मोठ्यानं हसण्याआधी, ओवीसारखं काही गुणगुणण्याआधी, खिडकीत कपडे वाळत घालण्याआधीसुद्धा. दर वेळी किसनचा चेहरा उतरायचा. तो म्हणायचा, "चालतं याडी, सगळं चालतं." तिला ते खरं वाटत नसे. आम्ही परत आलो तेव्हा नागपूरला तपासणीच्या रांगेत नव्हतो, तरी बाहेर पडताना ती दारात थांबली आणि या वेळी मला म्हणाली, "बाई, बूट काढू का घालूनच जाऊ?" मी म्हटलं, "तुम्हाला हवं ते करा, विहीणबाई." तिनं एक बूट काढला आणि पुन्हा घातला.

ती गेली तेव्हा नील पहिलीत होता. तुमचे बाबा एकटेच आले. यवतमाळहून मीच त्यांच्याबरोबर गाडीत होते. तांड्याची पहिली घरं दिसायला लागली तशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले, बूट काढले, मोजे बुटात कोंबले आणि बूट काखेत घेऊन चालू लागले. घरं अजून बरीच लांब होती आणि वाट खड्यांची. दारादारात माणसं उभी होती आणि सगळी बघत होती. त्यांनी मान खाली घातली नाही. मी गाडीत बसून मागून पाहत होते. मग मीही उतरले. माझ्या पायांना सवय नव्हती, म्हणून मी फार मागे राहिले.

योहानानं त्यानंतर डेकला नवा रंग दिला. तेव्हा तिनं बाकाखालची तेवढी जागा सोडली. का सोडली, ते तिनं सांगितलं नाही आणि तुमच्या आईनं विचारलं नाही. तांड्यातलं घर आता बंद आहे, लोकरीचे बूट कुणाला तरी देऊन टाकले, तिच्या चपलांचं काय झालं मला माहीत नाही.

ते पाऊल आहे. डावं आहे. तुम्ही दोघांनी ते पाहिलं आहे.